डाख न देतां दिव्याचा रंग पालटणें

दौंड ते मनमाड हा लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला आणि अहमदनगर शहर, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे, तें आगगाडीनें बाहेरील जगाशीं जोडलें गेलें. देशांतील इतर मार्गांप्रमाणें याही मार्गावर हाताचे सिग्नल असत. उंच खांबावर एक आडवा हात, हाताच्या मागील टोंकास दोन कांचांची चौकट, आणि त्या चौकटीच्या पाठीशीं घासलेटचा एक दिवा. हात आडवा असला म्हणजे तांबडी कांच दिव्यासमोर येई. हात कलला म्हणजे चौकट सरके व हिरवी कांच समोर येई. दिवा एकच, वात एकच, तेल एकच. रंग मात्र दोन. ज्या वाचकांनीं ती हिरवी कांच दिवसाउजेडीं पाहिली असेल त्यांस स्मरत असेल कीं ती हिरवी नसून चांगली निळसर दिसे. घासलेटच्या ज्योतींत पिवळा व तांबडा अंश पुष्कळ आणि निळा अगदीं थोडा असतो. अशा ज्योतींतून हिरवा रंग काढावयाचा तर पिवळ्या-तांबड्यास अडवून धरणारी निळसर कांचच लागते. रंग ठरतो तो कांच व ज्योत या दोहोंच्या योगानें, एकट्या कांचेनें नव्हे. एवढी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील विवेचन त्यांस मुळींच कठीण वाटणार नाहीं.

हल्लीं घरोघरीं संगणक आहे, आणि तरुण मंडळी जो मोठा, पेटीसारखा संगणक हौसेनें जोडून घेतात त्याच्या पोटांत दिव्यांची अशी कांहीं आरास असते कीं हा विचार करणारा यंत्रविशेष आहे कीं गणपतीचें मखर आहे असा संभ्रम पडावा. वारा घेणाऱ्या पंख्यांस दिवे, स्मृतीच्या पट्ट्यांस दिवे, चित्रें उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या कडेस कंपनीचें नांव उजळणारा दिवा, आणि हें सर्व दिसावें म्हणून पेटीची एक बाजू कांचेची. या दिव्यांनीं यंत्राचें काम रतिभरही वाढत नाहीं. तथापि हौसेला मोल नसतें, आणि आम्हांस त्या हौसेवर टीका करावयाची नाहीं. प्रश्न उत्पन्न होतो तो निराळाच: दिव्याचा रंग घरास सोसेनासा झाला तर काय करावें?

दुकानदार बहुधा दोनच मार्ग सांगतात. एक, तो भाग काढून नवा घेणें. दुसरा, जुना दिवा उखडून त्या जागीं नवा दिवा डाख देऊन बसवणें. डाख देणें म्हणजे ज्याला बाजारांत सोल्डरिंग म्हणतात तें. कथिल व शिसें यांचा जो नेहमींचा डाख, तो १८३ अंश सेल्सिअस उष्णतेस वितळतो. बिनशिशाच्या नव्या डाखास २१७ अंशांच्या पुढें जावें लागतें, आणि हातांतील डाखणी त्याहून पुष्कळच तापलेली असते. ज्या दिव्यास ती टेकवावयाची तो तांदळाच्या दाण्याएवढा, त्याच्या सभोंवतीं त्याहूनही बारीक अवयव. सरावलेल्या हातास हें काम सहज साधतें यांत शंका नाहीं. परंतु नवशिक्याच्या हातून एका दिव्यासाठीं तीस-चाळीस हजारांचें कार्ड जावयाचें, आणि मोहोर फुटली म्हणून कंपनीची हमीही जावयाची. म्हणून डाख न देतां होणारा उपाय शोधणें हेंच शहाणपणाचें.

त्यासाठीं हा दिवा आहे तरी काय हें प्रथम पाहिलें पाहिजे. यास एलईडी म्हणतात. १९०७ सालीं हेन्री राउंड या इंग्रज अभियंत्यास कार्बोरंडमच्या स्फटिकांतून वीज नेतांना पिवळसर उजेड दिसला. पुढें १९२० नंतरच्या दशकांत रशियांतील ओलेग लोसेव्ह यांनीं त्याचा कसून अभ्यास केला. डोळ्यांस दिसेल असा उपयुक्त तांबडा दिवा अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं केला, आणि पिवळा जॉर्ज क्रॅफर्ड यांनीं १९७२ सालीं. निळा मात्र कोणाच्या हातीं लागेना. जपानांत इसामु आकासाकी व हिरोशि आमानो या गुरुशिष्यांनीं, आणि स्वतंत्रपणें शुजी नाकामुरा यांनीं गॅलियम नायट्राइडचे स्फटिक वर्षानुवर्षें घोटून तो साधला. नाकामुरांचा प्रखर निळा दिवा १९९३ सालीं जगापुढें आला. २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक या तिघांस मिळालें. एका निळ्या दिव्यासाठीं एवढा गौरव कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्या घरांतील छतावरच आहे. पांढरा एलईडी म्हणून जो आपण लावतो तो मुळांत निळाच असतो; त्या निळ्या कणावर पिवळ्या भुकटीचा लेप देतात, लेप कांहीं निळा उजेड गिळून पिवळा उजेड टाकतो, आणि उरलेला निळा व हा पिवळा मिळून डोळ्यांस पांढरें दिसतें. दिवा विझलेला असतां जवळून पाहावा; पांढऱ्या दिव्याच्या पोटांत पिवळा ठिपका दिसतो. ही खूण फार उपयोगाची आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. सांख्य व वेदान्त या शास्त्रांच्या ग्रंथांत स्फटिक आणि जास्वंदीचें फूल यांचा दृष्टान्त वारंवार येतो. शुभ्र स्फटिकाजवळ तांबडें फूल ठेवलें म्हणजे स्फटिक तांबडा भासतो; फूल दूर केलें कीं तो होता तसाच. स्फटिकाच्या स्वरूपांत कांहींच फरक पडलेला नसतो. रंग हा उपाधीचा. डाख न देतां दिव्याचा रंग पालटणें म्हणजे असा उपाधि जोडणें होय. मात्र येथें एक मर्यादा आहे, आणि तीच पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. रंगीत कागद दिव्यास नवा रंग देत नाहीं. तो असलेल्या रंगांतून कांहीं अडवतो व कांहीं जाऊं देतो. तो रंगारी नव्हे, चाळण आहे. बाजरीचें पोतें कितीही बारीक चाळणीनें चाळलें म्हणून त्यांतून गहूं निघावयाचा नाहीं. पांढऱ्या दिव्यांत निळा, हिरवा, पिवळा व थोडा तांबडा असे सर्व दाणे मिसळलेले असतात. तेथें हवी ती चाळण लावावी. निळ्या दिव्यांत मात्र मीटरच्या अब्जांशांत मोजल्यास ४५० ते ४७० या आंखूड टप्प्यांतील तरंगच असतात. तांबड्याचे तरंग ६२०च्या पुढचे. निळ्या दिव्यावर तांबडा कागद लावला तर तांबडा उजेड पडत नाहीं, अंधार पडतो.

हें सर्व पुस्तकी ज्ञान आमच्या घरीं एका हिंवाळ्यांत उपयोगास आलें. आमचें कुटुंब एकत्र आहे. धाकट्या बंधूंचा मुलगा बांधकाम करणाऱ्यांस नियोजित घरांचीं चित्रें संगणकावर काढून देतो, आणि एकेक चित्र पुरें करण्यास त्याचें यंत्र रात्रभर चालूं ठेवावें लागतें. वरच्या मजल्यावर पत्र्याची उष्णता, म्हणून यंत्र माजघरांत ठेवलें होतें. आणि माजघर म्हणजे आमच्या मातोश्रींची निजण्याची जागा. त्यांचें वय शहाऐंशी. त्या पावसाळ्यांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते. यंत्राच्या पुढील तीन पंख्यांस निळे दिवे, कळीस निळा दिवा, आणि कार्डाच्या कडेस पांढऱ्या उजेडांत झळकणारें कंपनीचें नांव. मातोश्रींनीं दोन-तीन वेळां, "अरे, तो दिवा डोळ्यांत सुईसारखा जातो," असें म्हटलें. घरांतील तरुण मंडळींनीं तें वार्धक्याचें लक्षण मानलें, कारण तोच संगणक तोच दिवा घेऊन आदल्या वर्षीं तेथेंच होता व तेव्हां त्यांची तक्रार नव्हती. पुढें त्या बोलेनाशा झाल्या. पौषांतील एका रात्रीं धाकट्या वहिनी पाणी पिण्यास उठल्या तों मातोश्री आपली वळकटी घेऊन ओसरीवर निजलेल्या. नगरची पौषांतील थंडी ज्यांस ठाऊक आहे त्यांस शहाऐंशी वर्षांच्या शरीरास ओसरी म्हणजे काय हें सांगावयास नको.

मुलगा अपराध्यासारखा आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, यंत्र बंद ठेवलं तर काम जातं. दुकानांत विचारलं, ते म्हणतात पेटीच नवी घ्या. आजीला मी काय सांगूं?"

वास्तविक आजीस कांहींच सांगावयाचें नव्हतें. त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. वय वाढतें तसें डोळ्यांतील भिंग पिवळें पडत जातें, आणि मोतीबिंदूंत तें आणखी गढूळ होतें. म्हणजे निसर्गच डोळ्यापुढें पिवळी कांच धरतो, आणि पिवळी कांच अडवते ती मुख्यतः निळ्यास. शस्त्रक्रियेनें तें भिंग गेलें व स्वच्छ कृत्रिम भिंग आलें कीं वर्षानुवर्षें अडलेला निळा उजेड एकाएकीं पुरा आंत येतो. क्लोद मोने या सुप्रसिद्ध फ्रेंच चित्रकाराची शस्त्रक्रिया १९२३ सालीं झाली, आणि तदनंतर जग फार निळें दिसतें अशी त्याची तक्रार होती. दिवा आदल्या वर्षींचाच. चाळण तेवढी निघून गेली. शिवाय डोळ्याच्या पडद्यांत, पाहण्याशीं फारसा संबंध नसलेल्या पण दिवस कीं रात्र हें शरीरास कळवणाऱ्या कांहीं पेशी असतात, त्यांचा शोध या शतकाच्या आरंभीं पक्का झाला. निळसर उजेडानेंच त्या सर्वांत अधिक चेततात. या गोष्टीची अतिशयोक्ति करूं नये. कोपऱ्यांतील लहानशा दिव्यापेक्षां निजतांना नाकासमोर धरलेला फोन पुष्कळ अधिक अपाय करतो, हें आम्हीं घरांतील सर्वांस त्याच वेळीं ऐकवून घेतलें. परंतु काळोख्या खोलींत सहा हातांवर निळीं वर्तुळें जळत असतां ज्याची झोंप आधींच हलकी आहे त्यानें काय करावें?

प्रथम यंत्र बंद करून, भिंतींतील प्लग उपटून, पेटीची बाजू काढली. पंख्यांच्या तारा पाहतां असें आढळलें कीं प्रत्येक पंख्यास दोन प्लग आहेत, एक फिरण्याचा व एक दिव्याचा. दिव्याचे तीनही प्लग नुसते उपसून घेतले. पंखे फिरत राहिले, दिवे गेले. दुकानदारानें एवढें सांगितलें असतें तर काम पांच मिनिटांत होतें. सर्वच पंख्यांस अशी सोय नसते. कित्येकांत दिवा व फिरकी एकाच तारेवर असतात. तेव्हां चार स्क्रू काढून पंखाच बदलावा. १२० मिलिमीटरचा साधा, बिनदिव्याचा पंखा कांहीं शें रुपयांत मिळतो. पंख्याच्या पात्यांवर मात्र कोणी रंग किंवा कागद लावूं नये. एका पात्यास गुंजभर वजन अधिक झालें तरी पंखा थरथरूं लागतो व लवकर झिजतो.

मग कळीचा दिवा. मुलानें आमच्या सांगण्यावरून त्यावर नारिंगी जिलेटिनचा तुकडा धरून पाहिला. आम्हीं आधीं सांगितलें होतें तसेंच झालें: निळा नाहींसा झाला आणि एक मळकट, मरतुकडा उजेड उरला. हा दिवा दोन बारीक तारांनीं मदरबोर्डावरील दोन सुयांस जोडलेला असतो, डाख तेथें नसतोच. खोबणींतून तो ढकलून काढला आणि तारा व प्लग यांसह तयार मिळणारा पिवळा दिवा त्याच मापाचा घेऊन ढकलून बसवला. या प्लगास उलटें-सुलटें असतें. उलटा लागला तर दिवा पेटत नाहीं, इतकेंच, मग फिरवून लावावा. तांबड्या-पिवळ्या दिव्यास सुमारें दोन व्होल्ट पुरतात, निळ्यास व पांढऱ्यास तीनच्या आसपास. परंतु प्रवाहास आवर घालणारा रोधक बहुधा बोर्डावरच असल्यानें एवढ्या फरकानें तेथें बिघाड होत नाहीं.

राहिलें तें कार्डावरील नांव. तें पांढरें होतें, म्हणून येथें चाळण चालणार हें निश्चित. नाटकांतील दिव्यांपुढें जो रंगीत कागद लावतात, ज्यास नाटकवाले जिलेटिन म्हणतात, त्याचा मधाच्या रंगाचा ताव आणला. हा कागद आतां प्रत्यक्षांत जिलेटिनचा नसून प्लास्टिकचा असतो, आणि दिव्याच्या तापास टिकावा अशाच बेतानें केलेला असतो. मिठाईवर गुंडाळतात तो पातळ कागद त्याच्या जागीं वापरूं नये. नांवाच्या पट्टीचें माप घेऊन दोन तुकडे कापले, पट्टी स्पिरिटनें पुसली, आणि एकावर एक ठेवून कडांस बारीक दुहेरी चिकटपट्टीनें बाहेरून चिकटवले. एका थरानें उजेड फिक्का पिवळा झाला होता. दुसऱ्या थरानें तो समईच्या ज्योतीसारखा झाला. मुलास तोही विझवावयाचा होता. मातोश्री म्हणाल्या, "असूं दे. रात्रीं उठतांना उंबरठा दिसतो." तो तसाच ठेवला आहे, आणि त्याच रात्रीं वळकटी माजघरांत परत आली.

ज्या वाचकांच्या घरीं असा प्रसंग येईल त्यांनीं कागद-कात्री हातांत घेण्यापूर्वीं एक गोष्ट पाहावी. पुष्कळशा नव्या यंत्रांत प्रत्येक दिव्याच्या ठिकाणीं तांबडा, हिरवा व निळा असे तीन कण एकत्र असतात. अशा यंत्रांत रंग पालटण्यास कांहींच उघडावें लागत नाहीं. मदरबोर्डाच्या किंवा कार्डाच्या कंपनीनें दिलेल्या आज्ञावलींतून अथवा पेटीवरील एका कळीनें रंग बदलतो, दिवे पूर्ण विझवतांही येतात. या दिव्यांच्या जोडण्या मात्र दोन जातींच्या आहेत: चार सुयांची १२ व्होल्टची आणि तीन सुयांची ५ व्होल्टची. ५ व्होल्टचा दिवा १२ व्होल्टच्या सुयांवर बळेंच बसवला तर तो तत्क्षणीं जळतो. प्लग सहज बसत नसेल तर जोर करूं नये. तो बसत नाहीं याला कारण असतें.

निळ्या दिव्यास चाळण चालत नाहीं असें वर म्हटलें, त्यास एक अपवाद आहे आणि तो मोठा मनोरंजक आहे. कांहीं पदार्थ निळा उजेड अडवून थांबत नाहींत, तर तो गिळून पिवळा किंवा हिरवा उजेड परत टाकतात; पांढऱ्या एलईडीवरील लेप याच जातीचा. जॉर्ज स्टोक्स यांनीं १८५२ सालीं या गुणाचें शास्त्रीय विवेचन केलें. घरच्या घरीं पाहावयाचें असल्यास चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्यें कालवावी, गाळ खालीं बसूं द्यावा, आणि नोटा पारखण्याच्या जांभळ्या दिव्याखालीं तो पिवळा अर्क धरावा. तो आंतून हिरवट-पिवळा उजळतो. मुलें हा प्रयोग पुनःपुन्हा मागतात. याच न्यायानें वह्यांत ओळी रंगवण्याची जी चमकदार पिवळी शाई असते तिचा लेप स्वच्छ प्लास्टिकच्या चकतीवर देऊन ती निळ्या दिव्यापुढें धरली तर उजेड पांढुरक्याकडे वळतो. पण हे रंग उजेडानें विटतात, हळदीचा तर फारच लवकर. यंत्रांत ठेवण्यास ते कामाचे नाहींत. अशी चकती चमकदार रंगाच्या ॲक्रिलिकची कापून घेतली तर ती अधिक टिकते.

सावधगिरीच्या गोष्टी थोडक्यांत. काम करण्यापूर्वीं वीज तोडावी आणि पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगावर सांचलेली वीज नाजूक भागांत न जातां तेथें उतरते. हिंवाळ्यांतील कोरड्या हवेंत लोंकरी स्वेटर घालून तर हें काम करूंच नये. काम चालू असतां ग्राफिक्स कार्ड सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापतें, म्हणून कागद त्याच्या धातूच्या पात्यांस स्पर्श करूं नये व वाऱ्याचीं भोकें झांकूं नये. चैत्र-वैशाखांत आमच्याकडे उष्णतामान चाळीस अंशांपलीकडे जातें. त्या दिवसांत हलक्या चिकटपट्टीचा डिंक ओघळतो आणि सुटलेला तुकडा पंख्यांत जाऊं शकतो. महिन्या-दोन महिन्यांनीं धूळ झटकतांना कडा दाबून पाहाव्यात. रंग फिका पडला तर तुकडे बदलावे; एका तावांत आमच्या मापाचे निदान तीस-चाळीस तुकडे निघतात.

उरलेल्या तावांपैकीं तांबडा ताव आमच्या पुतण्यानें निराळ्याच कामीं लावला. आमच्या जिल्ह्यांतील अकोलें तालुक्यांत, भंडारदऱ्याच्या परिसरांत, घाटघर-रतनवाडीकडील झाडांवर मे अखेरपासून पाऊस जोर धरीपर्यंत लक्षावधि काजवे लुकलुकतात, आणि हजारों लोक तें पाहण्यास लोटतात. काजव्याचा उजेड हिरवट-पिवळा, जवळजवळ उष्णतारहित, आणि तो नर-मादींचा एकमेकांस खुणावण्याचा संकेत असतो. विजेऱ्यांच्या व मोटारींच्या पांढऱ्या झोतांत तो संकेत बुडून जातो. कीटकांच्या डोळ्यांस तांबडा रंग फारसा दिसत नाहीं, आणि तांबड्या उजेडानें माणसाच्या डोळ्यांची काळोखास झालेली सवयही मोडत नाहीं. पांढऱ्या विजेरीच्या तोंडावर तांबड्या जिलेटिनचे दोन थर रबरानें बांधले कीं पायवाट दिसते व काजव्यांसही त्रास थोडा होतो. विजेरी खालीं, पायांपाशींच धरावी, आणि झाडाजवळ पोंचल्यावर तीही विझवावी.